दहा यार्डांची साखळी

एकतीस वर्षं मी या मैदानाच्या कडेला
नारिंगी दांडा धरून उभा आहे.
दुसरा दांडा ड्वेनकडे, मधे दहा यार्डांची साखळी.
टीव्हीवर आम्ही दिसत नाही;
दिसलोच तर एखादं कोपर, टोपीची मागची बाजू.

काल रात्री बावन्न–एकोणपन्नास झालं.
आम्ही नुसते पळत होतो.
दांडा रोवावा तोच चेंडू वीस यार्ड पुढे,
उपटा, पळा, रोवा,
जणू खेळतोय आम्हीच, आणि हरतोयही.
ड्वेनचा गुडघा दुसऱ्या क्वार्टरलाच बोलायला लागला.
अख्ख्या सामन्यात एकदाही
पंचानं आम्हाला आत बोलावलं नाही.

आत बोलावणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही.
सत्तर हजार माणसं गप्प.
गवतात पडलेला चेंडू.
आम्ही दोघं साखळी ताणत मधोमध चालत जातो,
कड्यांचा काय तो आवाज,
आणि शेवटचं कडं ताठ होतं तेव्हा
चेंडूचं नाक दांड्याच्या अलीकडे.
तसूभर.
अकरा जणांनी छातीवर झेलून राखलेली
ती तसूभर जागा
मी मोजलीय. या हातांनी.

आता छपराखालचे कॅमेरे मोजतात,
पडद्यावर चित्रातला चेंडू सरकतो, झालं.
साखळी ठेवलीय अजून,
घरात म्हाताऱ्याला ठेवतात तशी.

काझच्या बारमध्ये रोज हाच वाद.
माझी नात ब्रिन म्हणते, आजोबा, पुढे हेच चालणार,
अडवाअडवी बघायला कोण थंडीत बसेल?
काझ ग्लास पुसता पुसता थांबतो.
क्वार्टरबॅकला हात लागला की पिवळं फडकं,
झेलणाऱ्याला पाच यार्डांपुढे धरलं की पिवळं फडकं,
बचाववाल्यांनी काय टोपी काढून वाट द्यायची?
मग तो बर्फातल्या त्या सामन्याचं काढतो,
सहा–तीन, आणि सगळा बार माना डोलावतो.
मीही डोलावतो.
ब्रिनपुढेही डोलावली होती.

सोमवारी मी रोलंडकडे जातो.
रोलंड टिब्स, बचावफळीतला मधला,
नऊ हंगाम ज्याला ओलांडून कुणी गेलं नाही.
तो सहा–तीनचा सामना त्याचाच.
चौथ्या डाऊनला ती तसूभर जागा
त्यानं डोक्यानं अडवली.
डोक्यानं, हा शब्द मी तेव्हा
बारभर कौतुकानं सांगत फिरलो होतो.

आता ओरेथा कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवते:
इथे कप. इथे गोळ्या.
हा दरवाजा बाहेरचा, आधी मला हाक मार.
कधीकधी तो मला ओळखतो.
साखळीवाल्या, किती राहिलं? असं विचारतो.
मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवतो.
तो भिंतीला खांदा लावून उभा राहतो,
ओरेथा येऊन त्याला बसवेपर्यंत.

म्हणून मला राग येत नाही त्या आकड्यांचा.
पळू देत पोरांना मोकळ्यावर,
होऊ देत साठ, होऊ देत सत्तर,
कुणाची तरी आई रात्री नीट झोपेल.
काझला हे मी अजून सांगितलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू?
काल शेवटी चाळीस सेकंद उरले होते,
आम्ही तीननं पुढे, त्यांचा चौथा डाऊन, एक यार्ड हवं.
एकोणपन्नास खाऊन बसलेली आमची ती चाळणी
एकाएकी भिंत झाली.
ढीग. शिटी. ढिगाखाली कुठेतरी चेंडू.
सत्तर हजार माणसं गप्प झाली,
तशीच, पूर्वीसारखी,
आणि माझा पाय रेषेच्या आत पडला.
पंचानं तळवा दाखवला, मान वर करून पडद्याकडे बघितलं.
ड्वेनही पुढे झाला होता.
आमच्यामधली साखळी उचललेली होती,
जमिनीपासून जेमतेम वीतभर.
आम्ही ती खाली ठेवली.